मीठमोहरी, मुक्काम हाउन्सलो

इंग्रज आमच्याकडे व्यापाराला म्हणून आले आणि दीडशे वर्षं हलले नाहीत. आम्ही इंग्रजांकडे दोन वर्षांच्या प्रोजेक्टला म्हणून आलो आणि अजून हललेलो नाही. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण त्यांनाही लागू आणि आम्हालाही. फरक इतकाच, की त्यांनी येताना तोफा आणल्या आणि आम्ही प्रेशर कुकर आणला. विमानतळावरच्या माणसाने कुकरची शिट्टी हातात धरून ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं, त्यावरून त्याला फारसा फरक वाटला नसावा.

आमची वसाहत हाउन्सलोत स्थापन झाली. हीथ्रोवर उतरणारी विमानं आमच्या मागच्या अंगणावरून इतक्या खालून जातात की त्यांच्या पोटावरची अक्षरं वाचता येतात. बोलता बोलता विमान आलं की तोंड तसंच उघडं ठेवून थांबायचं आणि ते गेलं की वाक्य पुढे न्यायचं, ही इथली रीत. पुण्याला फोन केला की माझी आई म्हणायची, "आधी तो मिक्सर बंद कर."

माझी इथली सुरुवातीची वर्षं सांगायची तर जुन्या इंग्रज मडमांचीच गोष्ट सांगावी लागेल, नुसते रंग बदलून. त्यांना आमची हवा सोसत नसे, मला यांची सोसेना. त्यांना आमचं जेवण जहाल वाटे, मला यांचं जेवण बाळंतिणीचं पथ्य वाटे. त्या रविवारी चार मडमा गोळा करून केक खात आणि इथले नोकर किती आळशी यावर बोलत. मी रविवारी कोथरूड-डोंबिवलीच्या चार बायका गोळा करून साबुदाण्याची खिचडी खाई आणि इथले प्लंबर किती आळशी यावर बोले. गल्लीतल्या गोऱ्या शेजाऱ्यांना माझा नवरा घरात 'एतद्देशीय' म्हणायचा. "एतद्देशीयांनी आज पुन्हा आपल्या दारासमोर गाडी लावली," असं तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा आणि मग बाहेर जाऊन त्याच एतद्देशीयांना हसून "मॉर्निंग" म्हणायचा.

शाळेत असताना आमची सहल पाचगणीला गेली होती. तिथे बाईंनी आम्हाला साहेबांची जुनी दफनभूमी दाखवली. छोट्या छोट्या दगडांवर छोटी छोटी वयं. बाई म्हणाल्या, जी मुलं जगली ती इथल्या नोकर आयांच्या कडेवर वाढायची, आणि सहा-सात वर्षांची झाली की मडमा त्यांना बोटीत बसवून विलायतेला पाठवून द्यायच्या. कोणीतरी विचारलं, का? बाई म्हणाल्या, "नाहीतर ती आयांसारखी बोलायला लागायची." आम्ही खूप हसलो. मला त्या मडमांची काडीइतकीही दया आली नाही. कोणी बोलावलं होतं यांना, असं मनात म्हणून मी स्ट्रॉबेरी-क्रीमच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

देवाने ते ऐकून ठेवलं असणार.

कन्या झाली, वर्षाची झाली, आणि मी कामावर परत जायला निघाले. माझी नोकरी विमानतळावरच्या मालवाहतुकीच्या ऑफिसात. कुणाची फुलं, कुणाचे गोठवलेले मासे, कुणाचे मोटारीचे भाग, या सगळ्यांची कागदपत्रं बघायची. शिफ्ट भल्या पहाटेची. नवरा पिकॅडिली लाइनने लंडनमध्ये जायचा तो संध्याकाळी उगवायचा. म्हणजे मला आया हवी होती. मडमांना हवी होती तशीच.

ती कुंपणापलीकडेच निघाली. साठीची विधवा, विमानतळाच्या कँटीनमध्ये जन्म घालवून आता घरी चार मुलं सांभाळणारी, रीतसर रजिस्टर झालेली चाइल्डमाइंडर. हात लाकूड फोडणाऱ्याचे आणि आवाज ट्रक चालवणाऱ्याचा. मुलं घरी गेली की मागच्या पायरीवर बसून सिगरेट ओढायची. मी तिची मुलाखत घ्यायला गेले, तर तिनेच माझी घेतली.

"हिच्या डोळ्यांत ते काळं घालता ते मी पुसणार हं, लव्ह," ती म्हणाली. "आणि तुम्ही लोक मुलांना भरवत बसता तसं मी बसणार नाही. माझ्याकडे मूल स्वतः खातं, नाहीतर कुत्रा खातो."

कुत्रा टेबलाखाली होता आणि त्याच्या आकारावरून मुलं फारशी खात नसावीत. मी मूग गिळून बसले. दुसरी आया होती कुठे?

सगळी मुलं तिला नॅन म्हणत. इथली साधी घरं आजीला हाक मारतात ती हीच. माझी मुलगी 'आई'च्या आधी 'नॅन' म्हणाली. कुंपणाची एक फळी निखळली होती, ती आम्ही कधी बसवलीच नाही, आणि कन्या त्या फटीतून मांजरासारखी ये-जा करत वाढली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ती टोस्टवर बीन्स ओतून खायला लागली. वॉटरमधला 'ट' तिने गिळून टाकला. ती पाच वर्षांची असताना मी तिला म्हटलं, "बाळा, बाबांना पाणी नेऊन दे," तर कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "कम अगेन, लव्ह?" म्हणजे, काय म्हणालीस, पुन्हा बोल.

आणि माझं दुःख तर आणखीच हलक्या दर्जाचं होतं, ते मी लपवत नाही. पोरीचं मराठी गेलं याचं वाईट वाटायचंच, पण इंग्रजी आलं तेही कँटीनचं आलं, याचा मला जास्त संताप होता. आम्ही जन्मभर ज्या इंग्रजीला घाबरलो ते रेडिओवरच्या बातम्यांचं. साम्राज्य उलटं फिरवायला एवढ्या लांब यायचं आणि पोरीने "आय एन्ट डन नफिंग" म्हणायचं? रविवारच्या मंडळात एकीची मुलगी एजवेअरच्या कुठल्या महागड्या शाळेत जाऊन राणीसारखी बोलायची. तिने तोंड उघडलं की मी माझ्या पोरीच्या तोंडात खिचडी कोंबायची.

असं आमचं चाललं होतं. मग एका वसंतात सासूबाई आल्या.

सासूबाई पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या, पुण्यात फ्लॅटवर एकट्या. आवाज अजून काउंटरच्या काचेपलीकडे जाईल असा. मामंजी गेल्यानंतर ही त्यांची पहिलीच खेप. नात फोनवरच बघितलेली. दारातच त्यांनी तिला जवळ ओढून विचारलं, "सांग बघू, मी कोण?"

"फोनमधली आजी," कन्या म्हणाली. उत्तर बरोबर होतं. सासूबाई हसल्या, पण हसू गालांपर्यंतच आलं.

त्याच दुपारी पोर अंगणात धावताना पडली. गुडघा फुटला. सासूबाई पदर खोचून "अगं बाई गं" करत धावल्या. मीही धावले. पोर उठली, आम्हा दोघींना वळसा घालून कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली आणि "नॅऽऽन" म्हणून तिने जो टाहो फोडला, तो विमानाच्या आवाजातही ऐकू आला. सासूबाई हात पसरलेल्या तशाच उभ्या होत्या. मी म्हटलं, "सवय आहे तिला." आत जाऊन त्यांनी बॅगेतलं सगळं मेतकूट डब्यात भरलं, झाकण घट्ट लावलं, पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावलं.

आठवडाभर त्यांनी नुसतं निरीक्षण केलं. मग रविवारी जेवताना, वरण वाढून झाल्यावर, त्या म्हणाल्या, "हिला मी घेऊन जाते."

"कुठे?" नवरा म्हणाला.

"पुण्याला. चौथीपर्यंत राहू दे माझ्याकडे. चांगल्या मराठी शाळेत घालते. मग आणा परत, वाटलं तर. अरे, पोरगी रामरक्षा सोड, साधं 'भूक लागली' म्हणत नाही. त्या बाईसारखी बोलते."

नवरा म्हणाला, "बघू, आई." मीही म्हटलं, "बघू."

आता इथल्या लोकांना हे समजावता येत नाही, पण आपल्यात सुनेने सासूला 'नाही' म्हणायची सोय नाही. 'बघू' म्हणायचं आणि विषय वाळून जायची वाट बघायची. पण ज्यांनी उभं आयुष्य पोस्टाच्या काउंटरवर काढलं, त्यांच्या हातात काही वाळत नाही. सासूबाईंनी पुण्याला फोन लावला. ओळखीतल्या कुणीतरी शाळेत जागा धरली. शाळा जूनमध्ये उघडते म्हणून त्यांनी लेकाच्या मागे लागून पोरीचं तिकीट आपल्या तिकिटाला जोडून घेतलं. त्याने ते काढलंही. मला म्हणाला, "अगं, रिफंडेबल आहे. आईचं मन राहतं." माझा नवरा आजवर कुणालाही नाही म्हणालेला नाही. मलाही नाही, म्हणून तर लग्न झालं.

आणि पोरीला सातवं लागणार होतं. एके सकाळी बसस्टॉपवर उभी असताना मला एकदम पाचगणी आठवली. 'नाहीतर ती आयांसारखी बोलायला लागायची.' त्या मडमांना मी हसले होते, आणि आता मीच बंदरावर उभी होते, बोटीऐवजी विमान एवढंच. मला भयंकर राग आला. सासूबाईंचा, नवऱ्याचा, त्या बाईंच्या सहलीचा. पण खरी लाज याची होती की मला मोहही पडला होता. चार वर्षांनी पोर परत येईल, खणखणीत मराठी बोलेल, पाढे म्हणेल, एजवेअरवाली गप्प बसेल. असं मी त्या बसस्टॉपवर चक्क मनात रंगवलं. मग बस आली आणि मी कार्डऐवजी घराची किल्ली मशीनला लावली.

नॅनला मीच सांगितलं. ती मागच्या पायरीवर बसली होती.

"सुट्टीला?" तिने विचारलं.

"नाही. शाळेला. चार वर्षं."

तिने सिगरेट कुंडीत विझवली. "तुमची मुलगी आहे, लव्ह," ती म्हणाली. "मी पैसे घेऊन बघते तिला. मी कोण सांगणारी?" आणि आत जाऊन तिने व्हॅक्यूम क्लीनर लावला. त्यानंतर रोजच ती भलभलत्या वेळी व्हॅक्यूम करायची. सासूबाई म्हणाल्या, "बाई स्वच्छ आहे मात्र."

जायला थोडे दिवस उरले आणि पोरीला ताप आला. साधा तापच, शाळेत सगळ्यांना आला होता. पण सासूबाईंचं निदान वेगळं होतं. त्यांनी मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेतल्या, पोरीला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि तिच्यावरून मूठ ओवाळत दृष्ट काढायला लागल्या. "आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, कुत्र्यामांजराची, पाप्याची, चांडाळाची, कुणाकुणाची लागली असेल ती जळून जाऊ दे." मग मूठ तापलेल्या तव्यावर रिकामी केली.

पुण्यात याने नाकातोंडात धूर जातो आणि विषय संपतो. हाउन्सलोत छताला स्मोक अलार्म असतो. त्याने असा आकांत मांडला की पोर ताप विसरून टुणकन उठली. मी स्टुलावर चढून टॉवेल फडफडवतेय, सासूबाई खोकतायत, पोर आनंदाने किंचाळतेय. शास्त्र असं आहे की मिरचीचा ठसका लागला नाही तर दृष्ट जबर. इथे ठसका तर शेजाऱ्यांनाही लागला असेल. पण सासूबाई हार मानणाऱ्या नव्हेत. अलार्मकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बघ, बघ कशी ओरडतीय निघताना!"

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडून नॅन आली, हातात ओला टॉवेल, आग विझवायच्या तयारीने. तिने तवा बघितला, मिरच्या बघितल्या, अलार्मकडे रोखलेलं सासूबाईंचं बोट बघितलं.

"हे काय चाललंय?"

मी शरमेने अर्धमेली. इतक्या वर्षांत एतद्देशीयांसमोर कमावलेली सगळी सुधारणा तव्यावर तडतडत होती. म्हटलं, "ते... कुणाची वाईट नजर लागली असेल तर ती काढतात. मीठ आणि मोहरीने."

मला वाटलं हसेल. ती हसली नाही. तिने खाली सांडलेलं मीठ बघितलं, वाकून चिमूटभर उचललं आणि आपल्या डाव्या खांद्यावरून मागे फेकलं. "सैतानाच्या डोळ्यात," ती म्हणाली. "आमची आई करायची. मोहरीचं मला ठाऊक नव्हतं."

सासूबाईंनी मला विचारलं, मी सांगितलं. त्यांनी नॅनकडे नव्याने बघितलं. "अगं, ही तर आपल्यातलीच आहे," त्या म्हणाल्या. "तू मला ही बाई अडाणी आहे असं का भासवलंस?"

मी काहीही भासवलं नव्हतं, पण ते जाऊ दे.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई कुंपणाला वळसा घालून रोज पलीकडे जाऊ लागल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, म्हणून त्यांचं भांडण होत नव्हतं. एकटा मॅगपाय पक्षी दिसला तर अपशकुन, त्याला सलाम ठोकायचा, हे सासूबाई तिथे शिकल्या आणि आमच्या अंगणात काळे-पांढरे पक्षी बघून पोस्टमास्तरला करावा तसा सलाम करू लागल्या. नॅनला त्यांनी मेतकूट-भात खाऊ घातला. ती म्हणाली, "यात काहीच लागत नाही, म्हणजे हे इंग्लिशच आहे," आणि पुन्हा मागून घेतला. माझ्या मनात आशा आली, की आता सासूबाई तो विषय आपणच सोडतील. पण संध्याकाळी घरी आल्या की त्या पोरीचे फ्रॉक घडी घालून बॅगेत भरायच्या.

निघायच्या आदल्या आठवड्यात मी एकदा कामावरून लवकर सुटले. पोर घरात नव्हती म्हणून मी त्या फळीच्या फटीतून, अंग चोरून, ओरखडे काढून घेत पलीकडे गेले. नॅनच्या स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. टेबलाशी सासूबाई चहा घेत बसल्या होत्या. मधोमध खुर्चीवर माझी मुलगी, डोळे मिटून, शहाण्यासारखी. आणि तिच्यासमोर नॅन, एका हातात मिठाची डबी, दुसऱ्या हातात चमचा, आणि चमच्यात बाटलीतली पिवळी मोहरी. इंग्लिश मोहरी, वाटलेली, सँडविचला लावतात ती.

ती पोरीवरून चमचा ओवाळत होती. पोर डोळे न उघडता तिला सूचना देत होती. "नॅन, नावं घ्यायची. कुणाकुणाची ते."

"घेतेय की. त्या बस ड्रायव्हरची," नॅन म्हणाली. "कोपऱ्यावरच्या त्या प्रॅमवालीची, जी नेहमी तुझ्या केसांना हात लावते. तुझ्या हेड टीचरची. विमानात शेजारी कोण मेलं बसेल त्याची. तुझ्या मम-डॅडची." तिने चमचा पुन्हा एकदा फिरवला. मोहरीचा थेंब पोरीच्या केसांत पडला. "आणि माझी," ती म्हणाली. "सगळ्यात जास्त माझी."

मी दारात होते. एक विमान गेलं. ते जाईपर्यंत कुणी हललं नाही.

मग सासूबाईंनी माझ्याकडे मान वळवली. "शेवटी काय म्हणाली ती?"

"म्हणाली, आणि माझी. सगळ्यात जास्त माझी."

सासूबाईंना मी समजावून सांगायची गरज नव्हती. आईची दृष्ट सगळ्यात वाईट, हे त्यांनीच मला पोर पाळण्यात असताना फोनवरून बजावलं होतं. जो सगळ्यात जास्त जीव लावतो त्याचीच नजर लागते. त्या कपातल्या चहाकडे बघत राहिल्या. आणि मला कुठून बळ आलं कोण जाणे, बहुतेक ओरखड्यांची आग होत होती म्हणून असेल, मी म्हटलं, "आई, मी पाठवणार नाही हिला."

"बघू म्हणाली होतीस."

"आता नाही म्हणतेय."

नॅन आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती, चमचा हातात तसाच. सासूबाईंनी कप खाली ठेवला. त्यांचा काउंटरवाला आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. "दोन वर्षांसाठी म्हणून नेलंत माझ्या मुलाला," त्या म्हणाल्या. "मी स्वतः लाडू बांधून दिले. दोन वर्षांना पुरतील इतके. हे गेले तेव्हा तो चार दिवसांची रजा घेऊन आला आणि पाचव्या दिवशी गेला. मी त्या घरात कुणाशी बोलू? टीव्हीशी? मला वाटलं, एवढी एक तरी द्याल."

म्हणजे मराठी नव्हतं, रामरक्षा नव्हती, पाढे नव्हते. मला त्यांच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं. पण मी रडले नाही, कारण रडले असते तर हो म्हणून बसले असते. म्हटलं, "आई, तुमचा मुलगा आम्ही नेला हे खरं आहे. त्याची भरपाई होत नाही. पण त्याच्या बदल्यात मी माझी देणार नाही. तुम्ही इथे राहा."

"इथे?" त्या म्हणाल्या. "इथे काय, पक्ष्यांना सलाम करत बसू?"

नॅनला काहीच कळलं नव्हतं, पण इथल्या बायकांना अशा वेळी जे कळतं ते तिने केलं. तिने केटल लावली.

नवऱ्याने तिकीट रद्द केलं. ते खरंच रिफंडेबल होतं. त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने त्या रात्री भांडी घासली. सासूबाई दोन-तीन दिवस माझ्याशी फक्त भाजीपुरतं बोलल्या. पोरीचे फ्रॉक त्यांनी बॅगेतून काढून जागच्या जागी ठेवले. एक मात्र ठेवला नाही. तो त्यांच्या साड्यांमध्ये मला दिसला, आणि मी बॅग तशीच बंद केली.

विमानतळावर आम्ही सगळे गेलो. नॅनही आली. ठेवणीतला कोट घालून. आत जायच्या आधी कॉफीच्या दुकानात बसलो. नवरा पासपोर्ट पुन्हा पुन्हा तपासत होता. टेबलावर कागदी पुड्या होत्या, साखर, मीठ, मोहरी. सासूबाईंनी त्या उलटसुलट करून बघितल्या, मला विचारून खात्री केली, आणि मिठाची एक व मोहरीची एक अशा दोन पुड्या मुठीत घेतल्या.

"इकडे ये गं," त्यांनी नातीला म्हटलं.

पोर समोर उभी राहिली. तिने डोळे मिटले. आसपासचे प्रवासी ट्रॉल्या थांबवून बघायला लागले आणि मला प्रथमच त्याचं काही वाटलं नाही. सासूबाई मूठ ओवाळत हळू म्हणत गेल्या, "आल्यागेल्याची. शाळेतल्यांची. शेजारणीची. बापाची. आईची." मूठ थांबली. "आणि माझी," त्या म्हणाल्या. "सगळ्यात जास्त माझी."

त्या उठल्या. पुड्या मुठीतच. नॅनच्या दंडावर त्यांनी एकदा हात दाबला, लेकाच्या टकलावरून फिरवला, आणि सिक्युरिटीच्या दिशेने चालायला लागल्या. मी मूर्खासारखी काळजी करत होते की मोहरीची पुडी लिक्विडमध्ये धरतील का.

"आजी!" पोर ओरडली. "आऽऽजी!"

त्यांनी ऐकलं. पाय अडखळले ते मी बघितलं. पण त्या वळल्या नाहीत. सरळ चालत गेल्या, मूठ छातीशी धरून, आणि रांगेत दिसेनाशा झाल्या.

"ती बघत का नाहीये?" पोरीने मला इंग्रजीत विचारलं. रडायलाच आली होती. "रागावलीये माझ्यावर?"

नॅन तिच्याशेजारी वाकली.

"नाही, लव्ह," ती म्हणाली. "तुझी दृष्ट टाकायला चाललीये ना ती. मला खुणांनी शिकवलंय तिने. टाकायला जाताना मागे वळून बघायचं नसतं. बघितलं तर ती पुन्हा तुलाच लागते."